अकरा वर्षे गाड्या विकल्यानंतर

प्रश्न : मी 36 वर्षांचा असून नागपुरात मानेवाडा भागात राहतो. बी.कॉम. झाल्यावर कारविक्रीच्या क्षेत्रात आलो. पहिल्या शोरूममध्ये चार वर्षे आणि आताच्या शोरूममध्ये सात वर्षे काढली. सध्या टीम लीडर आहे. महिन्याची 25 तारीख उलटली की झोप लागत नाही. धनत्रयोदशीला डिलिव्हरी संपवून घरी पोहोचतो तेव्हा मुले झोपलेली असतात. पत्नी खासगी शाळेत शिक्षिका आहे. ती म्हणते, पगार थोडा कमी चालेल, पण माणूस घरात दिसला पाहिजे. वडील म्हणतात, परमनंट नोकरी बघ. कामठी रोडवर जुन्या गाड्यांचा व्यवसाय करणारा मित्र भागीदारी देऊ करतो आहे. त्यासाठी सहा लाख रुपये लागतील आणि ते पीएफ व ग्रॅच्युइटी काढून उभे करता येतील असे वाटते. पुण्याचे मेहुणे दीड लाखाचा डिजिटल मार्केटिंगचा कोर्स सुचवतात. फ्लॅटचा हप्ता 16,500 रुपये आहे. मला गाड्या विकण्याखेरीज दुसरे काही येत नाही. या वयात क्षेत्र बदलता येईल का? जीएसटी कमी झाल्यापासून शोरूममध्ये गर्दी आहे, अशा वेळी सोडणे वेडेपणाचे ठरेल का? आणि सोडायचे ठरलेच, तर मॅनेजरसाहेबांना कधी सांगावे?
एक वाचक, नागपूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचे पत्र बरेच मोठे होते आणि जागेअभावी वर त्याचा सारांशच देता आला. मात्र जो भाग गाळावा लागला तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून उत्तराची सुरुवात तेथूनच करते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले आणि डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी यांसारख्या भागांत घरासमोर उभ्या असलेल्या गाड्या बुडाल्या, तेव्हा तुमच्या ग्राहकांनी सर्वांत आधी तुम्हाला फोन केले, असे तुम्ही लिहिले आहे. गाडी विकून तीन-चार वर्षे झालेल्या लोकांनीही केले. तुम्ही प्रत्येकाला फोनवरच बजावले की चावी फिरवू नका, पाणी कुठपर्यंत चढले आहे ते दिसेल असे फोटो काढून ठेवा, आणि गाडी टो करूनच वर्कशॉपला न्या. इंजिनात पाणी गेलेले असताना ते सुरू केले तर सिलिंडरमधील पाणी हवेप्रमाणे दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि ते नुकसान साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत सहसा बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक होते. ज्यांनी इंजिन प्रोटेक्शनचे ॲड-ऑन, म्हणजे जादा प्रीमियम भरून मिळणारे संरक्षण, घेतले होते त्यांच्या पॉलिसीचे कागद तुम्ही स्वतः शोधून दिले. ज्यांनी ते घेतले नव्हते आणि घाबरून गाडी सुरूही केली होती, अशा एका ग्राहकाबरोबर तुम्ही वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस बसलात आणि पाण्याने झालेले बाकीचे नुकसान तरी दाव्यात नीट मांडले जावे म्हणून विमा कंपनीसाठी नुकसान मोजणाऱ्या सर्वेक्षकाला एकेक भाग दाखवलात. त्या आठवड्यात तुमच्या नावावर एकही बुकिंग पडले नाही, महिनाअखेर जवळ असल्यामुळे बोलणीही खावी लागली, आणि तरीही पुढे तुम्ही लिहिता, ‘कित्येक वर्षांत पहिल्यांदा घरी जाताना थकलो होतो, पण त्रासलो नव्हतो.’

संपूर्ण पत्रात सर्वांत मोठा परिच्छेद हाच आहे, आणि तो तुम्ही माझ्या कोणत्याही प्रश्नाशिवाय, आपणहून लिहिला आहे. ‘मला दुसरे काही येत नाही’ हे वाक्य त्याच्याच खाली आले आहे, आणि ते मला मान्य नाही.

तुम्हाला काय येते ते पाहा. गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, पहिल्या सहा महिन्यांनंतर आणि मग वर्षागणिक कशी उतरते, हे तुम्ही ग्राहकाला कागद न पाहता सांगता. अपघातानंतर बदललेल्या प्लास्टिक आणि रबरच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो आणि काचेवर तो कापला जात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सवलत, गाडीबरोबर जात नाही, मालकाकडेच राहतो, हे न कळल्यामुळे जुनी गाडी विकणारे लोक दरवर्षी हजारो रुपये सोडून देतात, आणि तुम्ही त्यांना ते मिळवून दिले आहेत. गाडीची मालकी बदलण्याच्या आणि कर्जाची नोंद काढण्याच्या फॉर्म 29, 30 आणि 35 यांत कोणती सही राहिली की आरटीओत फाइल अडते, हे तुम्हाला पाठ आहे. हे ज्ञान शोरूमने तुम्हाला ठरवून शिकवलेले नाही. एखादा ग्राहक अडचणीत आला आणि तुम्ही मागे हटला नाहीत, म्हणून ते जमत गेले.

आता तुम्ही नेमके कशाला कंटाळला आहात, हे वेगळे करून पाहिले पाहिजे. पत्रात ग्राहकांविषयी तक्रार नाही, गाड्यांविषयी नाही, उन्हाळ्यात 45 अंशांच्या उन्हात टेस्ट ड्राइव्ह द्याव्या लागतात याविषयीसुद्धा नाही. तक्रार दोनच गोष्टींची आहे. एक, दर महिन्याला पाटी पुसली जाते आणि तुम्ही पुन्हा शून्यावर येता. दुसरी, ज्याला गरज नाही त्याच्या गळ्यात ॲक्सेसरीज आणि जास्तीची वॉरंटी घालायला लावतात. तुमचा त्रास क्षेत्राचा नसून मोबदल्याच्या पद्धतीचा आणि त्या पद्धतीने करून घेतलेल्या कामाचा आहे. म्हणून माझा सल्ला असा आहे की अकरा वर्षांत मिळवलेले ज्ञान सोडू नका, वैयक्तिक मासिक टार्गेट सोडा. ज्या नोकरीत ते टार्गेट पुन्हा येणार असेल, ती नोकरी कितीही वेगळ्या नावाने समोर आली तरी निदान या वेळी घेऊ नका.

या एका कसोटीने बरेच पर्याय आपोआप बाजूला होतात. नागपुरात शोरूम सोडणारा माणूस बहुधा प्लॉट-फ्लॅट विकण्याकडे वळतो. वर्धा रोड आणि मिहानच्या आसपासचे लेआउट पाहता ते स्वाभाविकही आहे. पण तेथे महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाची, एजंट म्हणून नोंदणी आणि त्यासाठीचे प्रशिक्षण व परीक्षा आल्या, प्लॉटचे आरएल, म्हणजे नियोजन प्राधिकरणाचे मंजुरीपत्र, झाले आहे की नाही याची जबाबदारी ग्राहकाच्या नजरेत तुमच्यावर आली, आणि उत्पन्न तर शोरूमपेक्षाही अनियमित. विमा एजंटाचा परवाना तुम्हाला सहज मिळेल, त्यासाठी दहावी उत्तीर्ण असणे आणि एक परीक्षा एवढेच लागते. परंतु एजंटाचे उत्पन्न कमिशनचे असते आणि घरात 16,500 रुपयांचा हप्ता असताना पहिली दोन वर्षे त्यावर काढणे तुम्हाला पुन्हा त्याच निद्रानाशाकडे नेईल.

पगाराबद्दल तुम्ही एके ठिकाणी ‘महिन्याला पन्नासएक हजार पडतात’ असे लिहिले आहे, आणि सोबत जोडलेल्या तपशिलात गेल्या आर्थिक वर्षात हाती आलेली एकूण रक्कम 4,62,000 रुपये दिसते. तिला बाराने भागले तर महिन्याला 38,500 रुपये येतात. इन्सेंटिव्हवर जगणाऱ्या माणसाच्या लक्षात दसरा-दिवाळीचा महिना राहतो आणि पितृपक्षाचा राहत नाही; त्यात काही दोष नाही, पण नवी नोकरी तोलताना ही सवय फार महागात पडते. समोरच्याने 38,000 रुपये निश्चित वेतन देऊ केले तर तुम्ही ते ‘बारा हजारांचे नुकसान’ समजून नाकाराल, आणि प्रत्यक्षात ते जवळजवळ आजचेच उत्पन्न असेल, तेही दरमहा सारखे. पत्नीसमवेत बसून मागील दोन वर्षांचे बँक स्टेटमेंट काढा आणि ही सरासरी पुन्हा तपासा. त्यांचा पगार, फ्लॅटचा हप्ता आणि मुलांची फी एका कागदावर मांडल्यावर तुम्हाला कमीत कमी किती निश्चित वेतन चालेल तो आकडा निघेल. तो आकडा तुम्ही दोघांनी मिळून ठरवावा, कारण ‘थोडा कमी चालेल’ असे म्हणणाऱ्या त्या आहेत आणि ‘थोडा’ म्हणजे किती हे त्यांनीच सांगितले पाहिजे.

आता दिशा. माझ्या मते तुम्ही पहिला प्रयत्न मोटार विम्याच्या दाव्यांच्या कामात करावा. सार्वजनिक आणि खासगी अशा सर्वसाधारण (जनरल) विमा कंपन्यांची कार्यालये नागपुरात आहेत, विमा ब्रोकर संस्था आहेत, आणि या सर्वांना दावा दाखल झाल्यापासून तो निकाली निघेपर्यंत ग्राहक, वर्कशॉप आणि सर्वेक्षक यांच्यामध्ये उभे राहून काम पुढे नेणारी माणसे लागतात. राष्ट्रीय महामार्ग 44 आणि 53 या शहरात एकमेकांना छेदतात, मुंबईकडे जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग येथूनच सुरू होतो. तेव्हा हे काम नागपुरात कमी होण्याचे कारण नाही. या कामात दबाव नसतो असे मी म्हणणार नाही. दावा नाकारला गेला की लोक ओरडतात, आणि वर्कशॉपचे अंदाजपत्रक फुगलेले असले की कंपनीची बाजू घ्यावी लागते. पण हा दबाव त्या-त्या फाइलपुरता असतो आणि फाइल मिटली की तो संपतो. पुराच्या आठवड्यात तुम्ही तो पेललेला आहे.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. परवानाधारक मोटार सर्वेक्षक होण्यासाठी अभियांत्रिकीचे तांत्रिक शिक्षण, प्रशिक्षण आणि परीक्षा असा मार्ग असतो, बी.कॉम.वर ते दार उघडत नाही, त्यामुळे कोणी पैसे घेऊन ‘सर्वेक्षकाचे सर्टिफिकेट’ देऊ केले तर दूर राहा. तुम्हाला उपयोगी पडेल ती मुंबईच्या भारतीय विमा संस्थेची, म्हणजे इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची, लायसन्शिएट ही पहिल्या पातळीची परीक्षा. ती बारावी उत्तीर्ण व्यक्तीला देता येते, नोकरी करताना घरी अभ्यास करता येतो, पुढे असोसिएट आणि फेलोशिपपर्यंत जाता येते, आणि तिचा खर्च दीड लाखाच्या कोर्सपुढे अगदी किरकोळ आहे. मोटार विम्याचा स्वतंत्र विषय त्यांच्या अभ्यासक्रमात आहे. तो विषय तुमच्या नावापुढे उत्तीर्ण असा दिसला, तर अर्ज चाळणाऱ्याला तुमच्या अकरा वर्षांकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

तुमच्याच समूहाच्या बॉडीशॉपमध्ये, म्हणजे अपघातात सापडलेल्या गाड्या दुरुस्त होतात तेथे, विम्याच्या टेबलावर बदली मागावी का, असेही तुम्ही विचारले होते. ते सर्वांत सोपे आहे, नोकरीची सलगताही टिकते. तरीही मी त्याला दुसरे स्थान देईन. तुम्ही त्याच इमारतीत असाल, तुमची विक्रीतली हातोटी सर्वांना माहीत असेल, आणि धनत्रयोदशीच्या सकाळी ‘आजच्या दिवस जरा खाली ये’ असा निरोप येईल. तो नाकारणे तुम्हाला जमणार नाही. बाहेर प्रयत्न करून चार-सहा महिन्यांत काही हाती आले नाही तर मात्र ही बदली अवश्य घ्या, कारण एक वर्षाचा दाव्यांचा अनुभव पुढच्या अर्जात मोलाचा ठरतो.

दुसरी दिशा बँका आणि वित्त कंपन्यांच्या वाहनकर्ज विभागाची आहे. तेथे विक्री आणि क्रेडिट या दोन वेगळ्या बाजू असतात. विक्रीची बाजू म्हणजे तुमचेच आजचे काम, फक्त गाडीऐवजी कर्ज. क्रेडिटची बाजू म्हणजे आलेली फाइल तपासणे, अर्जदाराला हप्ता झेपेल की नाही ते पाहणे आणि शिफारस करणे. काटोलच्या त्या संत्रा बागायतदाराने तुम्हाला विचारलेला प्रश्न तुम्ही जसाच्या तसा उतरवला आहे : ‘साहेब, हप्ता किती बसते ते मंग सांगा, पैले कवा भरा लागते ते सांगा.’ त्याच्या हाती पैसा आंबिया बहार विकला की येतो, दर महिन्याच्या पाच तारखेला येत नाही, हे ओळखून तुम्ही सहामाही हप्त्याची सोय देणारी संस्था शोधलीत. ग्रामीण भागात कर्ज देणाऱ्या संस्थेला नेमकी ही समज हवी असते. मुलाखतीत दोन गोष्टी स्पष्ट विचारून घ्या : पद विक्रीचे आहे की क्रेडिटचे, आणि वेतनातील किती भाग दरमहा बदलता आहे. उत्तर गुळमुळीत मिळाले तर ते पद विक्रीचे आहे असे समजा.

मित्राच्या भागीदारीविषयी मला काळजी वाटते, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. सहा लाख रुपये पीएफ आणि ग्रॅच्युइटीतून उभे राहतील हा तुमचा हिशेब बरोबर नाही. तुम्ही पाठवलेल्या पासबुकांप्रमाणे दोन्ही पीएफ खात्यांत मिळून सुमारे 2,60,000 रुपये आहेत. ग्रॅच्युइटी एका मालकाकडे सलग पाच वर्षे झाल्यावर मिळते, म्हणून पहिल्या शोरूममधील चार वर्षे त्यात धरता येत नाहीत. आताच्या सात वर्षांची रक्कम 13,000 रुपयांच्या मूळ वेतनाला 15 ने गुणून, 26 ने भागून, पुन्हा सातने गुणून काढली तर 52,500 रुपये होते. एकूण सव्वातीन लाखांच्या आतच. उरलेले पावणेतीन लाखांहून अधिक कर्ज काढावे लागेल, आणि घरकर्जाच्या डोक्यावर ते बसेल.

शिवाय त्या पीएफमध्ये तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. पहिल्या शोरूमचे खाते अजून वेगळेच पडून आहे, असे दिसते. ते आताच्या खात्यात वर्ग करून दोन्ही एकाच यूएएनखाली, म्हणजे पीएफ सदस्याच्या कायमच्या क्रमांकाखाली, आणले, तर चार आणि सात मिळून तुमची सेवा अकरा वर्षांची होते आणि कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतील दहा वर्षांची अट पूर्ण होते. वयाच्या 58 व्या वर्षापासून मिळणारे ते निवृत्तिवेतन मोठे नसेल, पण ते आयुष्यभराचे असते आणि तुमच्या पश्चात पत्नीलाही आधार राहतो. जुने खाते स्वतंत्रपणे काढून टाकले तर ती चार वर्षे हातची जातात. तेव्हा पुढे कोणतीही नोकरी घेतलीत तरी हे हस्तांतरण या महिन्यातच ऑनलाइन करून टाका. जुन्या नोंदीत नावाचे स्पेलिंग किंवा नोकरी सोडल्याची तारीख चुकलेली असेल तर ती दुरुस्त करून घ्यायला पूर्वीच्या शोरूमची मदत लागेल, आणि ती माणसे ओळखीची असेपर्यंतच हे काम सोपे असते.

जुन्या गाड्यांचा व्यवसाय वाईट नाही, अनेकांनी तो सचोटीने केला आहे. पण 1 एप्रिल 2023 पासून अशा विक्रेत्याला परिवहन विभागाकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते, विकायला घेतलेल्या प्रत्येक गाडीची सूचना द्यावी लागते, आणि गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत तिची जबाबदारी त्याच्यावर येते. जीएसटीखाली नोंदणी असलेल्या विक्रेत्याला जानेवारी 2025 पासून मार्जिनवर 18 टक्के कर द्यावा लागतो. मित्राकडे हे प्राधिकारपत्र आहे का, मागील दोन वर्षांची विवरणपत्रे दाखवायला तो तयार आहे का, आणि तुमच्या सहा लाखांच्या बदल्यात लेखी भागीदारीपत्रात तुमचा हिस्सा किती असेल, हे तीन प्रश्न विचारा. सहा लाखांत एखाद-दुसरी बरी गाडीच उभी राहते, आणि ती तीन महिने विकली गेली नाही तर तुमचे पूर्ण भांडवल कामठी रोडवर उन्हात उभे असते. मैत्री खरी असेल तर तो तुम्हाला आधी भांडवलाशिवाय, ठरावीक मोबदल्यावर, सुट्टीच्या दिवशी गाड्या पारखण्याचे काम देईल. त्याने त्याला नकार दिला, तर त्याला तुमच्या पारखीची गरज नसून पैशांची आहे, हे तुम्हाला कळेल.

मेहुण्यांचा कोर्स नको. त्या क्षेत्राविषयी तुमच्या एवढ्या लांब पत्रात उत्सुकतेचे एकही वाक्य नाही, आणि त्यात तुमची स्पर्धा कमी पगारावर सुरुवात करू शकणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलांशी असेल.

वडिलांच्या म्हणण्यामागची माया मी समजू शकते. कोळसा खाणीच्या नोकरीत ज्यांनी घर चालवले, मुले शिकवली आणि निवृत्तीनंतरही दरमहा पैसे येताना पाहिले, त्यांना मुलाचा दर महिन्याला खालीवर होणारा पगार पाहवत नसणार. पण राज्य सेवेसाठी खुल्या प्रवर्गात वयाची मर्यादा 38 आणि मागास प्रवर्गांसाठी 43 वर्षे आहे, तयारीला पूर्ण वेळ द्यावा लागतो, आणि जागा मोजक्या असतात. नोकरी सोडून त्या परीक्षेमागे लागणे आज तुमच्या घराला परवडणारे नाही. विमा कंपनीतील निश्चित वेतनाचे नियुक्तिपत्र त्यांना दाखवलेत तर त्यांच्याही मनाला बराच दिलासा मिळेल असे मला वाटते.

गर्दीच्या काळात सोडावे का, याचे उत्तर होय असे आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला आणि ज्यांनी खरेदी लांबवली होती ते शोरूममध्ये आले, हे खरे आहे. पण याच क्षेत्रात शेवरले गाड्यांची विक्री 2017 अखेर देशात थांबली, आणि सप्टेंबर 2021 मध्ये फोर्डने भारतात गाड्या बनवणे बंद करण्याची घोषणा केली, तेव्हा त्या-त्या शोरूममधल्या माणसांना एकाच शहरात, एकाच वेळी, एकसारखे अर्ज घेऊन बाहेर पडावे लागले. मागणी चांगली असताना, स्वतःच्या इच्छेने आणि चांगले आकडे हातात असताना बाहेर पडणारा माणूस वेतनाबद्दल बोलू शकतो. मात्र राजीनामा आधी आणि शोध नंतर, असे करू नका. शोध आजपासून सुरू करा, दसरा-दिवाळीचे इन्सेंटिव्ह तुमच्या कष्टाचे आहे ते मिळवा, आणि ते किती महिन्यांनी खात्यात जमा होते हे पाहून बाहेर पडण्याची तारीख धरा. नोकरी सुटताच कंपनीचा गट आरोग्य विमा संपेल, म्हणून कुटुंबाची स्वतःची आरोग्य पॉलिसी आधीच घेऊन ठेवा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर आता जीएसटी नाही.

अर्ज लिहिताना ‘वर्षाला इतक्या गाड्या विकल्या’ हे पहिल्या ओळीत नको. वर्षाला किती वाहनकर्जांच्या फाइल तुमच्या हातून गेल्या आणि त्यांतील किती मंजूर झाल्या, किती पॉलिसींचे नूतनीकरण तुम्ही करून घेतले, किती दाव्यांत ग्राहकाला मदत केली, टीममध्ये किती जणांना शिकवले, हे आधी लिहा. विक्रीचा आकडा त्यानंतर येऊ द्या. ‘विक्री का सोडता?’ हा प्रश्न हमखास येईल. तेव्हा मॅनेजरविषयी किंवा टार्गेटविषयी बोलू नका, पुराच्या आठवड्याविषयी बोला. आणि मनाची एक तयारी ठेवा. नव्या ठिकाणी तुम्ही टीम लीडर नसाल. तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान अधिकारी तुमची फाइल परत पाठवेल आणि ती का परत आली हे तुम्हाला त्याच्याकडून शिकावे लागेल. पहिले वर्ष हे जड जाते. तुमच्यासारख्या माणसाला ते पगारापेक्षाही जड जाऊ शकते, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

शोरूमच्या संगणकातली ग्राहकांची यादी सोबत नेऊ नका, मोबाइलमध्ये उतरवूनही नाही. ती माहिती ग्राहकांनी शोरूमला विश्वासाने दिलेली आहे. ज्यांना तुम्ही हवे आहात ते तुमचा नंबर शोधून फोन करतील, त्यांनी त्या पहाटे केले तसेच.

मॅनेजरसाहेबांना तुम्ही नियुक्तिपत्र हाती आल्यावर, आणि रुजू होण्याची तारीख नोटीस कालावधी धरून नक्की केल्यावरच सांगा. आधी समोर बसून सांगा, त्याच दिवशी ईमेलने लेखी द्या. ज्यांची बुकिंग घेतली आहे पण डिलिव्हरी बाकी आहे, अशा ग्राहकांची यादी प्रत्येकाच्या कर्जाच्या आणि आरटीओच्या स्थितीसह त्यांच्याकडे सोपवा. अनुभवपत्रात सेल्स कन्सल्टंट आणि टीम लीडर ही दोन्ही पदे तारखांसह लिहून मागा. थकीत इन्सेंटिव्हचा हिशेब शेवटच्या दिवसाआधी ईमेलवर मान्य करून घ्या, आणि ग्रॅच्युइटीचा अर्ज स्वतः भरून त्याची पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.